बावीस भट्ट्यांचं नाक

"हळू बोला, डॉक्टर. भाईर आमची मंडळी बसलीय," विरुपाक्षअप्पा म्हणाले आणि त्यांनी खुर्ची पुढं ओढली.

डॉक्टर शिवानंदांनी आवाज खाली आणला. धाराशिवात ते नाक-कान-घसा बघतात. समोर पडद्यावर अप्पांच्या डोक्याचा सीटी स्कॅन होता. टेबलावर अप्पांनीच गावाहून आणलेला पेढ्यांचा पुडा होता. दोन पेढे डॉक्टरांच्या पोटात गेले होते, तिसरा हातात होता.

"हे बघा. गालात, कपाळात, डोळ्यांच्या मधे, चेहऱ्याच्या हाडांत अशा पोकळ खोल्या असतात. त्यांना सायनस म्हणायचं. खोल्या ऐसपैस, पण दार मुंगीच्या बिळाएवढं. ते उघडतं नाकात. तुमची दारं मुळातच चिंचोळी. अस्तर सुजलं, दारं मिटली, आणि त्या सुजेला हे कोंब लोंबले. सोललेल्या द्राक्षांचा घडच म्हणा. हे पॉलिप."

"म्हंजी पेवाचं तोंड बुजलं अन् ज्वारी आत कुजली."

"तसंच. आणि वास कळायची जागा नाकाच्या पार आढ्याला. तिथवर वारा पोचतच नाही. वास कधीपासून येत नाही तुम्हाला?"

अप्पांनी दाराकडं पाहिलं. "अकरा वर्सं."

डॉक्टरांचा पेढा हातातच राहिला. कारण अप्पांचं नाक म्हणजे साधं नाक नव्हे. त्यांच्या गावात खव्याच्या बावीस भट्ट्या. कुठलीही कढई उतरली की अप्पांनी वाकून वास घ्यायचा, मगच खवा गाडीत चढायचा. करपट, आंबूस, धुरकट वास आला तर कढई नापास. म्हैस कुणाच्या बांधावर चरून आली हेसुद्धा अप्पांना खव्यावरून कळतं, पण गावात भांडणं नकोत म्हणून ते बोलत नाहीत, असं लोक सांगत. अकरा वर्षांत एकही कढई नापास झाली नव्हती. अप्पांच्या धाकानं गावाचा हात सुधारला, असं जो तो म्हणे.

"मग वास घेतं कोण?"

"मंडळी. पर तिला ठावं न्हाय. ती कायम कढईपाशी उभी असती. म्या वाकतो, डोळे मिटल्यागत करतो अन् तिरपा बघतो. तिनं पदर नाकाला लावला की कढई नापास. लई तिखट नाक हाय तिचं." अप्पा आणखी पुढं सरकले. "हे गावात फुटलं तर मला राख उपसायला बी कुणी भट्टीवर घ्यायचं न्हाय. अन् तिला कळलं तर गावापर्यंत जायची गरजच न्हाय."

"डोकं दुखतंय म्हणून ऑपरेशन, असं सांगू त्यांना. दारं मोकळी करू. नंतर फवारा मात्र चुकवायचा नाही."

अप्पांचा जीव भांड्यात पडला. डॉक्टरांनी तिसरा पेढा संपवला.

"बंद नाकाचा एक फायदा हाय बरं का," अप्पा उठता उठता म्हणाले. "येताना जीपमधी एक बोकड व्हता. असला उग्र, की त्याच्या शेजारी कुणी बसंना. आमी दोघं आपले पाय पसरून ऐसपैस आलो."

ते औषधं आणायला खाली गेले. त्यांची पाठ वळताच बाहेर बसलेल्या त्यांच्या पत्नी नागम्मा आत आल्या. त्यांनी दार लोटून घेतलं. त्यांचा आवाज अप्पांपेक्षाही बारीक होता.

"डॉक्टर, ह्यांचं नाक नीट ऱ्हाईल न्हवं? सगळं गाव त्या नाकावर चालतंय. अन् म्या बी."

"तुम्ही कशा?" डॉक्टरांनी चौथा पेढा तोंडात टाकला.

"ह्यांना सांगू नका. मला बारा वर्सं झाली, कसला म्हून वास येत न्हाय. पर एवढ्या नाकवाल्याची बायकू, सांगू कुणाला? लोक हसतील. म्हून कढईपाशी उभी ऱ्हाते अन् ह्यांच्या तोंडाकडं टक लावून बघते. ह्यांनी नाक मुरडलं, की म्या लगेच पदर लावायचा."

"आजवर किती वेळा लावलात?"

नागम्मांनी भिंतीवरच्या देवाला हात जोडले.

"त्याच्या दयेनं अजून एकदा बी तशी पाळी आली न्हाय."

डॉक्टरांनी दुसरा कागद ओढला आणि वर नागम्मांचं नाव लिहिलं. चौथा पेढा गालातच थांबला होता.