तिसरं उत्तर

होय, नाही आणि ‘माहीत नाही’ ही तीन उत्तरं सांभाळणारी संगणकाच्या कोडची छोटीशी लायब्ररी मी ऑफिसात लिहिली, तेव्हा साहेब म्हणाले, “तिसऱ्या उत्तरासाठी आपल्याकडे पगारी माणसं आहेत की!” मीही हसलो. लायब्ररीचा नियम एकच: माहीत नसेल, तर परस्पर ‘नाही’ धरायचं नाही. आज घरचं कुलूप अडकलं. किल्लीवाला म्हणाला, “झिजलंय. नवीन बसवा.” आई दारात आडवी आली. “थोरल्याकडे ह्याचीच किल्ली आहे. तो आला तर?” थोरला भाऊ भांडून गेला, त्याला वर्षं लोटली, पत्ता नाही, फोन नाही. बायको कुजबुजली, “सांगून टाक एकदा, भाऊजी येणार नाहीत.” “तुला माहितेय?” मी विचारलं. किल्लीवाला वैतागला. “दादा, बदलायचं की नाही?” आई माझ्याकडे बघत होती. “तेल घाला,” मी म्हणालो. “सारखं घालावं लागेल.” “घालू,” आई म्हणाली.