अडीच पानांचा शब्द

सोमवारी नऊ वाजले तरी विठोजी अण्णांनी खिशातले हात बाहेर काढले नाहीत, तेव्हा भाग्यलक्ष्मीला कळलं, आज मशीन आपल्यालाच सेट करायचं आहे.

कन्नड मुलखातल्या पीण्याच्या औद्योगिक वसाहतीतला हा कारखाना लहानसाच, सहा लेथचा. अण्णा तिथले सेटर. हत्यार किती पुढं, किती मागं, पिन किती जाड उतरेल, हे सगळं बसवून देणारा माणूस. महिनाअखेर ते निवृत्त होणार होते. भाग्यलक्ष्मी तीन वर्षं पॅकिंगच्या टेबलावर होती, आणि आता सहा महिने त्यांच्या हाताखाली.

"पाच पिना सलग पास झाल्या तर सेटर तुम्ही," प्रॉडक्शन बघणारा अभिमन्यू म्हणाला. मूळचा पुण्याचा, तिच्याच वयाचा. "नाहीतर परत पॅकिंग. वरून ऑर्डर आहे, पर्सनली घेऊ नका." त्यानं मोबाइलवर स्टॉपवॉच लावलं. भिंतीवरच्या फाइलीत सेटिंगच्या अकरा पायऱ्या होत्या, आणि खाली वेळ: पंचवीस मिनिटं.

भाग्यलक्ष्मीनं फाइलीकडं बघितलं नाही. तिनं बटण दाबलं. सळई न लावताच मशीन रिकामं फिरू लागलं. मग ती हात पुसत म्हणाली, "अण्णा, चला की चहाला."

"आत्ता?" अभिमन्यूनं मोबाइल वर धरला. "टाइम चालू आहे! घाबरलात का?"

"घाबरले तर हायच. तुम्ही पण येता काय चहाला?"

अण्णांचे पाय फाटकाकडं वळले.

अण्णांची सोमवारची निम्मी सकाळ चहात जाते, हे कारखान्यात सगळ्यांना पाठ होतं, आणि त्यावर सगळे हसायचे. तीही त्या हसण्यात असायची. मग एका सोमवारी टपरी बंद होती. तरी अण्णा मशीन रिकामं फिरत ठेवून अर्धा तास फाटकाबाहेर नुसते उभे राहून आले, मशीनवर तळवा ठेवला आणि मगच पाना हातात घेतला. त्यांची पाठ वळल्यावर तिनंही हात लावून बघितला. रविवारभर गार पडलेलं लोखंड कोमट झालं होतं. गार लोखंडावर लावलेलं माप, ते तापलं की सरकतं. हे तिला कुणी सांगितलं नाही. तिच्या तळव्यालाच ते कळलं.

टपरीवर अण्णांनी बशीत चहा ओतला. "काल नातीच्या इंग्रजी डिक्शनरीत बघितलं. सेट. अडीच पानं हाय, बाळ! चाळीस वर्षं सेटर म्हणवून घेतो, मला त्यातलं अर्धं पान पण येत नाही."

"काय काय हाय त्यात?"

"नात स्मृती वाचत होती. सूर्य सेट. हाड सेट. दही सेट. सापळा सेट. अंगठीतला खडा, तो पण सेट."

भाग्यलक्ष्मीला हसू आलं. निपाणीच्या घरातली बोली आपसूक मनात फिरू लागली, दळण दळताना आईच्या तोंडी एकामागून एक ओवी यावी तशी. सूर्य मावळतो. हाड बसतं. दही लागतं. सापळा लावतात, खडा जडवतात. ज्याला त्याला आपापला शब्द, जशी ज्याची त्याची वाटी.

"एवढ्या कामांना एकच शब्द? गरीब हो बिचारे."

"गरीब कुठले, चिक्कट!" अण्णा म्हणाले. मग बशीत बघत हळूच म्हणाले, "त्या अडीच पानांत चहा कुठं नाही, हं. मी शोधला."

तिनं त्यांच्याकडं बघितलं. ते चहाच पीत होते. तिनंही आपला ग्लास सावकाश संपवला.

आत येऊन तिनं मशीनवर हात ठेवला. दूध पिऊन झोपलेल्या बाळाच्या पाठीसारखं कोमट. मग सळई लावली, हत्यार बसवलं, माप घेतलं, पुन्हा घेतलं. पहिली पिन उतरली. तपासणीच्या टेबलावर धारवाडची शिवलीला होती. तिच्या कन्नडात लाड नव्हते. मायक्रोमीटर फिरवून ती म्हणाली, "सरी ऐती." ठीक आहे.

दुसरी. सरी ऐती. तिसरी. चौथी. भाग्यलक्ष्मीचे हात स्थिर होते. पाचवीला शिवलीलानं माप दोनदा घेतलं, चष्मा वर सरकवला.

"सरी ऐती, अक्का."

अक्का म्हणून तिनं पहिल्यांदाच हाक मारली.

अभिमन्यू मोबाइल विसरून पाचही पिना ओळीनं लावून बघत होता. "एकीत पण फरक नाही," तो पुटपुटला. "मी मागच्या सोमवारी पंचवीस मिनिटांत केलं, तर वीस पिना भंगारात. अण्णा, हे तुम्ही फाइलीत का नाही घातलं?"

"फाइल लिहिणाऱ्यानं मला चहाला विचारलं नव्हतं, साहेब."

अभिमन्यू मोकळं हसला. खिशातलं पेन काढून तो फाइलीपाशी गेला. "बारावी पायरी लिहितो मग."

"बारावी नव्हं," भाग्यलक्ष्मी म्हणाली. "पहिली."

त्यानं मागं वळून अण्णांकडं बघितलं. अण्णा छताकडं बघत होते. त्यानं पहिल्या ओळीच्या वर, कागदाच्या अगदी काठाला, बारीक अक्षरात लिहायला घेतलं.

तेवढ्यात टोकाच्या लेथवरून कुणीतरी ओरडलं, "सेटर! इकडं स्वल्प बघता काय?"

अण्णा आणि भाग्यलक्ष्मी, दोघांनी एकदमच मान वळवली.

मग अण्णा खाली वाकले, आणि घट्ट बांधलेली बुटाची नाडी सोडून सावकाश पुन्हा बांधू लागले.