पांढऱ्या सिमेंटखाली

१९७४ साली सोलापुरात एका रिकाम्या बंगल्यातला टब साफ करायचं काम आमाला मिळालं. माझा नवरा तिप्पण्णा गवंडी. दारातच म्हणाला, “बसव्वा, हितं मी पयल्यांदाच येतोय बग.”

चिंच आणि विटेच्या भुकटीनं टबाचे तांबडे डाग निघाले. भिंतीलगतच्या फटीतलं पांढरं सिमेंट मात्र बुरशीनं काळं पडलं होतं. ते मी खरवडलं.

खाली जुना थर लागला. त्यावर वीतवीतभर अंतरानं अर्ध्या तुटलेल्या अंगठ्याचे ठसे होते. तिप्पण्णा फटीतलं सिमेंट अंगठ्यानं असंच दाबतो, आणि त्याचा अंगठाही अर्धाच हाय. प्रत्येक ठशाशेजारी हिरव्या बांगडीचा तुकडा रुतवलेला.

“तुमी पयल्यांदाच आलाय न्हवं?” मी विचारलं.

त्यानं दाराला आतून कडी घातली.

त्या जुन्या थरातला शेवटचा ठसा मात्र अजून ओला होता. त्याच्या शेजारी बांगडी नव्हती; हिरव्या बांगड्या माझ्या हातात होत्या.