रेणू बसला

चित्र आलं तेव्हा महामाया सुट्टीला धाड या आपल्या गावी आली होती आणि घराच्या अंगणात उन्हाला बसली होती. शेजारी खाटेवर तिचा धाकटा भाऊ प्रसेनजित. थंडी वाढली की त्याचा सिकलसेल, रक्ताचा जन्मजात आजार, डोकं वर काढायचा. या खेपेला गुडघे धरले होते. आई, तानाबाई, तव्यावर वाळू तापवून फडक्यात बांधत होती आणि त्याला शेक देत होती.

महामाया पुण्याच्या एका प्रयोगशाळेत याच आजारावर औषध शोधत होती. औषध कसलं, अजून नुसता एक बारकासा रेणू होता, तिने आणि तिच्या सोबत्यांनी घडवलेला. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनवर जाऊन बसतो का, एवढंच आधी कळायचं होतं. क्ष-किरणांच्या मदतीने काढलेलं ते चित्र आज मैत्रिणीने, मयुरीने, प्रयोगशाळेतून पाठवलं होतं. खाली एकच ओळ : ‘बसलाय. पण बघ कुठे.’

महामायाने लॅपटॉपवर चित्र उघडलं, फिरवलं आणि थबकली.

“काय झालं ताई?” प्रसेनजितने विचारलं.

“बसला. पण आम्ही सांगतलं तिथं नाई बसला.”

तिने स्क्रीन त्याच्याकडे वळवली. “हे हिमोग्लोबिन. तुह्या रक्तात हे एकमेकाले चिटकून त्याच्या काड्या बनतात, मंग पेशी विळ्यासारखी वाकते. चिटकतात ते या इथं, बाहेरून. म्हणून आम्ही रेणू असा घडवला का या खाचेत पाचरीसारखा बसंन. अन् हा पाह्य कुठं गेला. थेट आत, मधल्या पोकळीत.”

प्रसेनजित कोपरावर उठला. “तिथं काऊन गेला असंन?”

“तेच तं समजून नाई राह्यलं.”

“मंग वाया गेलं का सारं?” तानाबाईचा हात थांबला.

“नाई आई. आत बसूनही तो हिमोग्लोबिनचा आकार धरून ठेवत असंन, एकमेकाले चिटकू देत नसंन. नाईतं नुसताच जाऊन बसला असंन, काही कामाचा नाई. पाहा लागंन.”

वर्षभर धरून चाललेला अंदाज मोडला होता. वाईट वाटायला हवं होतं. पण महामायाची नजर त्या पोकळीवरून हटत नव्हती.

“अन् बसून उठून गेला तं?” प्रसेनजितने विचारलं.

“तेही मोजा लागते. जरासा टेकला अन् निघाला, तं उपयोग नाई.”

आता पुढचा प्रश्न येणार, म्हणून ती मनातून सावध झाली. गोळी कधी निघंन? घरी आली की कोणी ना कोणी तो विचारायचंच. असे कितीतरी रेणू बसतात आणि वाटेतच बाद होतात, हे दुखत्या माणसासमोर सांगताना तिची जीभ अडायची.

त्याने तो विचारलाच नाही. लॅपटॉप त्याने मांडीजवळ ओढला.

“हे हिमोग्लोबिन कोणाचं हाये?”

“सिकलसेल असलेल्याचंच कोणाचं तरी. राजीखुशीनं रक्त देतात लोक. नाव नाई समजत आम्हाले. नळीवर नुसता नंबर राह्यते.”

“रक्त दिलं तवा त्याचंही दुखत असंन?”

“असंन.”

प्रसेनजित आणखी पुढे सरकला. वाळूची पुरचुंडी गुडघ्यावरून घसरून खाली पडली, त्याला पत्ता नव्हता.

“म्हणजे आम्हा सिकलसेलवाल्यातला एक जण पोहचला तुमच्या लॅबमधी,” तो म्हणाला, आणि पोकळीचं तोंड कुठून उघडं आहे ते शोधत चित्र हळूहळू फिरवू लागला.