बादलीभर साधं पाणी

तो वाफ्याऐवजी भाजलेल्या मातीच्या गोळ्यांत पालेभाजी पिकवायचा, त्यांना पाणी पुरवणाऱ्या टाकीत खत औषधासारखं मोजून घालायचा. बाबा मात्र रोज त्यात बादलीभर साधं पाणी ओतायचे. “पाणी आटतं, खत मागेच राहतं,” म्हणायचे. एकदा पाहुण्यांसमोर तो उखडला, “जन्म गेला नळ दुरुस्त करण्यात, आणि मला शेती शिकवताय! माझ्या झाडांना हात लावायचा नाही!” पाहुणे हसले. बाबांनी बादली खाली ठेवली ती ठेवलीच. आज आठव्या दिवशी पानांच्या कडा करपल्या होत्या, गोळ्यांवर मिठासारखा पांढरा थर चढला होता. त्याने पाण्यात मीटर बुडवला. खताचा आकडा दुप्पट! इतके दिवस त्याचं मोजमाप नव्हे, बाबांची बादली झाडं जगवत होती. त्याची मान वर होईना. मागे चाहूल लागली. बाबा भरलेली बादली घेऊन दाराबाहेरच थांबले होते. “हात लावू का?”