खाटांची दिशा

"सांगून कुणाला पटायचं न्हाई," म्हणत सावळारामनं बेल्ह्याच्या बाजारात चहा मागवला. दोन महिने कुठं होता, ही गावातली कुजबुज त्याला आज कायमची मिटवायची होती.

"येड्यांच्या दवाखान्यात डॉक्टरनं मला सल्ल्याला बोलावलं व्हतं. नवा वार्ड लई झ्याक, पण पेशंट काय झोपंनात. बघतो तर समद्यांचे पाय दक्षिणेला. म्हनलं, डॉक्टर, मढ्यागत निजवल्यावर झोप कशी लागंल? खाटा फिरवल्या, राव. समदे घोराया लागले. डॉक्टर पाया पडला माझ्या."

तेच दोन महिने नाशिकला लेकीकडं होतो असं गावभर सांगणारा गेणभाऊ बशी आपटून उठला.

"साफ खोटं. खाटा फिरवा म्हणून मी सांगितलं. हा तर खाटेखाली झोपायचा."