हलकं काम

नर्सने ती पट्टी खिडकीच्या उजेडात धरली, पुन्हा एकदा निरखली आणि मान हलवली.

"नाही गं. दिवस गेलेले नाहीत."

"सिस्टर, साडेतीन महिने झाले. पट्टी खोटं सांगत असेल."

"तिसरी आहे ही. आणि परवाच्या सोनोग्राफीतही काही नव्हतं."

कारखान्यातल्या दवाखान्याची ती एवढीशी खोली. भिंतीपलीकडे दोनशे शिलाई मशिनी एकदम घरघरत होत्या. नर्ससमोर बसलेली ती शर्टांच्या कॉलरी शिवायची, म्हणून सगळ्या तिला कॉलरवाली म्हणत. सुपरवायझर हातात सेकंद मोजणारं घड्याळ घेऊन पाठीशी उभा राही. बायकांनी त्याचं नावच 'घड्याळ' पाडलं होतं. तासाला साठ कॉलरी झाल्या नाहीत की लाउडस्पीकरवरून नाव पुकारलं जाई. तीनदा नाव आलं की घरी. नवऱ्याचं काम सुटल्यापासून तिचं नाव दोनदा आलं होतं. तेव्हापासून तिला घास उतरत नव्हता, आणि झोपेतही तिचा उजवा पाय मशीनचं पायडल दाबत असे.

"झोप नाही, पोटात अन्न नाही, सारखा जिवाला घोर," नर्स म्हणाली. "अंग घाबरलं की आधी हेच बंद करतं. या हंगामात तू सहावी. थोडा आराम मिळाला की येईल पाळी आपोआप."

"आराम," ती हसली. "तो कोणत्या दुकानात मिळतो?"

मग तिचं हसू विरलं. "सिस्टर, मी घरी सांगून बसलेय."

नर्सने कागद ओढला आणि लिहिलं, 'चार आठवडे हलकं काम द्यावे.' कारण लिहिलं नाही. घड्याळाने चिठ्ठी वाचली, तिच्या पोटाकडे एक नजर टाकली आणि तिला बटणांच्या टेबलावर बसवलं.

आज खरं सांगून टाकायचंच, असं ठरवून ती घरी गेली. जिना चढते न चढते तोच नणंदेने हातातली पिशवी घेतली. "वहिनी, तू नको उचलूस." सासूबाईंनी स्वतःची खिडकीजवळची खाट तिला दिली होती. चार महिने तोंड पाडून बसलेला नवरा गुळगुळीत दाढी करून काम शोधायला बाहेर पडला होता. ओठांपर्यंत आलेलं तिने गिळलं. उद्या सांगू.

उद्याचा परवा झाला, परवाचा आठवडा. ती आठ-आठ तास झोपू लागली. ताट हातात येई. सासूबाई केस विंचरून देत, एकीकडे गुणगुणत. अशी माणसं या घरात होती, हे तिला दोन वर्षांत कळलंच नव्हतं. गाल भरले.

"चेहऱ्यावर तेज बघा कसं आलंय," सासूबाई शेजारणीला म्हणाल्या. "लपतं का कुठे?"

चोविसाव्या दिवशी सकाळी तिला पाळी आली.

न्हाणीघरात ती बराच वेळ नुसती बसून राहिली. शेवटी दार वाजलं. सासूबाईंनी फरशी पाहिली आणि मटकन खाली बसल्या.

"गेलं गं! आपल्या हातचं गेलं!"

नणंद रडू लागली. नवरा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते.

"आई, ऐका ना," ती म्हणाली. "काही नव्हतंच."

"असं बोलू नये." सासूबाईंनी तिला छातीशी धरलं. "नव्हतं कसं? मी नाव ठरवून ठेवलं होतं."

ती रडली. नेमकं कशासाठी, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी नर्सने ऐकलं आणि टाळीच वाजवली. "बघ! म्हटलं नव्हतं? ठणठणीत आहेस तू." मग तिने समोरचा चेहरा पाहिला आणि हात खाली घेतले.

चिठ्ठीचे अजून काही दिवस उरले होते. पण अशा बातमीला पाय फुटतात. दुपारच्या आत ती लाइनभर झाली. घड्याळाने तिला परत कॉलरींवर बसवलं. "आता काही अडचण नाही ना?" त्याने विचारलं. अगदी हळू आवाजात, खरोखर वाईट वाटल्यासारखं.

घरीही कोणी टाकून बोललं नाही. फक्त सगळं जिथल्या तिथे गेलं. पहाटेचं पाणी तिच्याकडे, कपडे तिच्याकडे. नवऱ्याची दाढी वाढू लागली. सासूबाईंचं गुणगुणणं बंद झालं.

पुढच्या महिन्यात पाळी आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

एका सकाळी ती डबा भरत असताना सासूबाई मागे येऊन उभ्या राहिल्या. इकडेतिकडे पाहून त्यांनी हळूच विचारलं, "काय गं, तारीख उलटली ना तुझी?"

किती दिवसांनी त्यांच्या आवाजात जीव आला होता.

तिने झाकण दाबून बसवलं.

"नाही आई. आली," ती म्हणाली. "कालच आली."

"बरं," सासूबाई म्हणाल्या, आणि तिच्या हातातला डबा घेऊन त्यांनीच तो पिशवीत ठेवला.